छंद, काळाचे विस्मरण आणि वेगधारण

निवृत्त रुग्णास 'एखादा छंद जोपासा' असा सल्ला आपण सर्वच वैद्य सहजपणे देतो. निद्रानाश असो, चित्तोद्वेग असो वा जोडीदाराच्या निधनानंतरचे रितेपण असो. औषधांच्या यादीखाली ही एक ओळ असतेच. परंतु चूर्ण देताना मात्रा, काल व अनुपान यांचा विचार करणारे आपण, छंदाच्या बाबतीत यांपैकी काहीच सांगत नाही. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप एवढ्यापुरताच आहे.

छंदात काळाचे भान हरपते यात नवल नाही. अणुत्व व एकत्व हे मनाचे दोन गुण चरकसंहितेच्या शारीरस्थानातील पहिल्याच अध्यायात सांगितले आहेत. आत्मा, इंद्रिय आणि अर्थ यांचा संनिकर्ष असूनही मन तेथे नसेल तर ज्ञान होत नाही, हेही तेथेच आले आहे. भिंतीवरील घड्याळाचे ठोके कानी पडूनही ऐकू का येत नाहीत, याची याहून नेमकी मीमांसा मला अन्यत्र आढळली नाही. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिकसेंटमिहाय यांनी १९९० साली 'फ्लो' या ग्रंथात याच तल्लीनतेचे सविस्तर वर्णन केले. काम आणि कौशल्य यांचा मेळ बसला की कर्त्यास स्वतःचा व वेळेचा विसर पडतो, असे त्यांचे प्रतिपादन. ते मान्य करण्यास आपणांस काहीच अडचण नाही.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांचे घ्यावे. नोकरी सांभाळून या गृहस्थांनी आयुष्यभर अंकांशी खेळ मांडला. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी; तिच्या अंकांपासून होणाऱ्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान संख्या वजा करावी, आणि उत्तरावर हीच क्रिया पुनःपुन्हा करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ हीच संख्या येते. ३५२४ घेतल्यास ३०८७, ८३५२ आणि तिसऱ्या पायरीस ६१७४. दोन रुग्णांच्या मधल्या वेळात वाचकांनी एखादी संख्या घेऊन पाहावी. बाहेर पुढचा रुग्ण खोळंबेल, एवढे सावध करून ठेवतो.

आता मुद्द्याकडे वळू. जे मन श्रोत्रेंद्रियापाशी नाही, ते बस्तीपाशीही नाही आणि आमाशयापाशीही नाही. चरकोक्त तेरा अधारणीय वेगांपैकी मूत्र, पुरीष, क्षुधा, पिपासा आणि निद्रा हे पाच वेग छंदिष्टाच्या हातून नित्य अडतात. यावर काही वैद्यमित्र म्हणतात की, वेग जाणवलाच नाही तर त्यास धारण कसे म्हणावे? युक्तिवाद चांगला आहे, पण रुग्णास जरा खोलात जाऊन विचारावे. वेग क्षणभर जाणवलेला असतोच. 'एवढे संपले की उठतो' असे म्हणून तो मागे सारलेला असतो. शिवाय धी आणि धृती यांच्याबरोबर स्मृतीचा भ्रंशही प्रज्ञापराधात गणलेला आहे, हे विसरून चालणार नाही.

त्याच अध्यायात धारणीय वेगांचीही गणना आहे, आणि लोभ, शोक, भय, क्रोध यांच्यासमवेत अतिरागही तेथे आहे. म्हणजे आवरायचे ते सोडले आणि सोडायचे ते आवरले, अशी उलटी स्थिती येथे होते. म्हणून प्रत्येक छंदास अतिराग ठरवावे, असे मात्र मी म्हणणार नाही. कामावरून उठल्यावर मन प्रसन्न आहे, भूक स्वच्छ लागते, हाक मारणाऱ्यावर राग येत नाही, तोवर त्यात वैद्याने हात घालू नये. हाक मारताच जो खेकसतो, त्याचा विचार वेगळा. (मोबाईलवर रात्री दोन वाजेपर्यंत बोट सरकवत राहणे यास छंद म्हणावे की नाही, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. माझे मत प्रतिकूल आहे.)

औषधालय चालविणाऱ्या बंधूंचाही येथे संबंध येतो. दरमहा त्रिफळा अथवा अन्य सारक चूर्णाचा डबा नेणारे ठरावीक ग्राहक प्रत्येक दुकानात असतात. 'सकाळी उठल्यावर प्रथम काय करता?' एवढा एक प्रश्न त्यांस विचारून पाहावा. वर्तमानपत्रातील शब्दकोडे, कुंड्यांची निगा, तबल्याचा रियाज अशी उत्तरे येतील. शौचाचा वेग त्यानंतर कधीतरी. हेतू कायम ठेवून वातानुलोमन किती काळ करणार? निदानपरिवर्जन हा चिकित्सेचा पहिला भाग आहे आणि त्यात ग्राहकाचा एक पैसाही खर्च होत नाही.

माझ्याकडे येणारे एक सत्तरीचे गृहस्थ जुने रेडिओ दुरुस्त करतात. मधुमेहासाठी त्यांना इन्सुलिन चालू आहे. एका दुपारी इंजेक्शन घेऊन 'दहा मिनिटांत जेवतो' म्हणून ते बसले. दोन तासांनी सूनबाईंना दिसले ते घामाने डबडबलेले, हात थरथरत असलेले आणि असंबद्ध बोलणारे. घरात साखर होती व तिला ती देण्याचे सुचले, म्हणून निभावले. अशा रुग्णाच्या बाबतीत चर्चेस वेळ नसतो.

त्यांना रेडिओ सोडा असे मी सांगितले नाही. टेबलावर घड्याळाचा गजर ठेवूनही उपयोग नव्हता, कारण तो ते न ऐकताच बंद करीत. शेवटी असे ठरविले की, इन्सुलिन जेवणाच्या पानावर बसूनच घ्यायचे. कामास बसण्यापूर्वी मूत्रविसर्जन करायचे. आणि दर तासाने नातवाने येऊन खांद्यास हात लावायचा, नुसती हाक मारायची नाही. केस पेपरवर 'विहार' या सदरात आता मी छंदाचे नाव, बसण्याची वेळ आणि उठवणारी व्यक्ती अशा तीन नोंदी करतो. तिसरी नोंद एकटे राहणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत बहुधा कोरी राहते, आणि त्यांच्यासाठी शेजाऱ्यांशी बोलावे लागते.