सहीपुरता उरलेला माणूस

गेल्या श्रावणात सास्तूरचे एक गृहस्थ माझ्याकडे लोहाऱ्याला आले. सोबत शाळेत जाणारी नात होती. चहा झाला, पाऊसपाण्याचे बोलणे झाले. मग म्हातारबुवांनी जरा चाचरतच विषय काढला. ''साहेब, आमच्या दादांचं खातं तुमच्या बँकेत होतं. त्यांची सही घेतलेलं कार्ड असंल का हो अजून? पोरीला पणजोबाची सही बघायचीय. घरात त्यांचा एकबी फोटू राहिला नाही.''

फोटो का राहिला नाही, हे आमच्या भागात कुणाला सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती बोळवून झोपलेली गावे मातीच्या आणि दगडाच्या भिंतींखाली गेली. किल्लारीचे नाव जगभर झाले. पण सास्तूरसारख्या आमच्याकडच्या गावांनीही तेवढेच भोगले. माणसे गेली आणि त्यांच्याबरोबर ट्रंका, पेट्या, लग्नपत्रिका, पोस्टकार्डे आणि भिंतीवरच्या तसबिरीही गेल्या.

त्या वेळी मी बँकेत नवा अधिकारी होतो. भूकंपानंतरच्या महिन्यांत आमच्या टेबलापुढे रांगा लागत. कुणाकडे पासबुक नव्हते, कुणाकडे पावती नव्हती. आमच्या लेजरमध्ये नाव निघाले की समोरच्या माणसाचा चेहरा असा काही बदलायचा, की पैशांपेक्षाही आपण खरोखर होतो याचा पुरावा त्याला मिळाला असावा. कागदाची किंमत मी पुस्तकातून नव्हे, त्या रांगांमधून शिकलो.

आणि तरीही त्या कार्डाचे उत्तर मला ठाऊक होते. ते उरलेले नाही. पुढे काही वर्षांनी मुदत संपलेल्या कागदपत्रांची यादी माझ्यापुढे आली. बंद खाती, जुनी लेजरे, सह्यांची कार्डे. सगळे नियमाप्रमाणे होते. नष्ट करण्याच्या आदेशाखाली मी सही केली. चूक कुणाची म्हणाल, तर कुणाचीच नाही. पण त्या मुलीकडे पाहताना मला ते काही केल्या म्हणवेना.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात मी नव्या कादंबरीसाठी अप्पासाहेब पंतांविषयी वाचत होतो. सातारा जिल्ह्यातल्या औंधचे हे राजपुत्र. वडील भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेले राजे. १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने औंधच्या राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली, त्या प्रयोगात अप्पासाहेब पुढे होते. स्वातंत्र्यानंतर ते परराष्ट्र सेवेत गेले. आधी नैरोबी, मग १९५५ पासून १९६१ पर्यंत गंगटोक. तिथल्या 'पोलिटिकल ऑफिसर'कडे सिक्कीम, भूतान आणि तिबेट या तिन्हींचे काम असे. हिमालयापलीकडे चीनचे काय चालले आहे, हे पाहणारी आपली ती खिडकीच होती.

काळ तर पाहा. १९५६ च्या अखेरीस दलाई लामा बुद्धजयंतीसाठी सिक्कीममार्गे भारतात आले. १९५८ साली पंडित नेहरू नाथू ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून भूतानला गेले. १९५९ च्या मार्चमध्ये दलाई लामांनी ल्हासा सोडले. ही सारी वर्षे औंधचा हा माणूस गंगटोकला होता. तिथून ते राजदूत म्हणून जाकार्ताला गेले. सप्टेंबर १९६२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या वादातून तिथल्या आपल्या दूतावासावर जमाव चालून आला, तेव्हाही तेच तिथे होते. पुढच्याच महिन्यात चीनचे युद्ध सुरू झाले.

पूर्वेकडच्या राजकारणात आपली माणसे तेव्हा अशी जागोजागी होती. १९५४ साली पेकिंगमध्ये नेहरू आणि माओ बोलत होते, तेव्हा दुभाष्याचे काम करणारे वसंत परांजपेही मराठीच. आपल्या शाळेच्या पुस्तकात यातले कुणी आढळले नाही, तर नवल नाही.

अप्पासाहेब १९९२ साली गेले. त्यांचे खासगी कागद मात्र दिल्लीला तीन मूर्ती भवनातल्या संग्रहात आहेत. १९६४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयाचे आणि ग्रंथालयाचे नाव २०२३ साली बदलून 'प्रधानमंत्री संग्रहालय आणि ग्रंथालय' केले गेले. पूर्व आफ्रिकेतल्या भारतीयांवर किंवा तिबेट-सिक्कीमवर लिहिणाऱ्या अभ्यासकांच्या तळटिपांत 'आपा पंत पेपर्स' हे शब्द भेटतात.

कुणी म्हणेल, सरकारी फायली असताना खासगी कागदांची मातब्बरी कशाला? बँकेत आयुष्य काढलेला माणूस याचे उत्तर देऊ शकतो. फाइल निर्णय सांगते, त्या निर्णयापर्यंत येताना माणूस किती वेळा अडखळला ते सांगत नाही. 'कर्ज मंजूर' एवढेच आमच्या शेऱ्यात असे. त्या शेतकऱ्याला परत पाठवताना आदल्या दिवशी माझी झोप उडाली होती, हे कुठल्या रकान्यात लिहायचे? ते गेलेच तर बायकोला किंवा मित्राला लिहिलेल्या पत्रात जाते. राजदूताचेही तसेच. सरकारी कागदांची काळजी घ्यायला आपल्याकडे कायदा आहे. सार्वजनिक अभिलेखांचा हा कायदा, कसे कोण जाणे, आमच्या भूकंपाच्याच वर्षातला, १९९३ चा आहे. घरच्या कागदांना मात्र कायदा नाही. ते कुणीतरी जपून योग्य जागी पोचवावेत, तेव्हाच टिकतात.

राजपुत्राचे कागद टिकले, शेतकऱ्याचे कार्ड गेले. यात अन्याय आहे हे मला कळते. पण तीन मूर्तीची दारे आपल्याला बंद आहेत म्हणून हात बांधून बसण्याचे कारण नाही. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मराठवाड्यात मोडी व उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. निजामी राजवटीतले जे कागद आपण अडगळ मानले, त्यांच्यासाठी माणसे माळे उपसू लागली. कुठला कागद कधी कामाला येईल, हे तो फेकणाऱ्याला कधीच कळत नाही.

तेव्हा वाचकहो, आज रविवार आहे. माळ्यावरची पेटी खाली काढा. पत्रांना लावलेल्या गंजक्या टाचण्या काढून टाका. जुन्या कागदांना लॅमिनेशन करू नका. त्याने कागद वाचत नाही, गुदमरतो. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने नाव, गाव आणि साल लिहा, कारण 'हे कोण' हे सांगणारी आजी कायम राहणार नाही. घरात कुणी शिक्षक, तलाठी, सैनिक किंवा परदेशी राहिलेले असेल, तर त्यांच्या डायऱ्या रद्दीत घालण्याआधी जवळच्या ग्रंथालयाला किंवा इतिहास मंडळाला एकदा विचारा.

त्या दिवशी मी म्हातारबुवांना खरे ते सांगितले, माझ्या सहीसकट. ते काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ''जाऊ द्या साहेब. तुम्ही पाहिली होती न्हवं सही? कशी होती?''

मी आठवू लागलो. शेकडो सह्यांतली ती एक. खोटे सांगणे सोपे होते, पण ते जमले नाही. मग मी कोरा कागद पुढे केला आणि म्हणालो, ''तुम्हीच काढून दाखवा, जशी आठवते तशी.'' त्यांनी थरथरत्या हाताने वडिलांचे नाव काढले. शेवटच्या अक्षराखाली एक लांब रेघ ओढली. नातीने त्याखाली तारीख घातली आणि आजोबांचे नाव लिहिले.

तो कागद आता त्यांच्या घरी आहे. खरी सही ती नव्हेच. पण तिच्या नातवंडांना काही विचारावेसे वाटले, तर दाखवायला एक कागद असेल.