धूर कोणाचा, दंड कोणाला?



गंगोत्रीचा बर्फ शेतकऱ्याच्या काडीने काळा होतो, अशा अर्थाची बातमी २०२० साली वर्तमानपत्रांतून आली होती. डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेने २०१६ साली गंगोत्री हिमनदीच्या वाटेवर, चिरबासा येथे, सुमारे ३,६०० मीटर उंचीवर हवेतली काजळी मोजली होती. उन्हाळ्यात ती ४०० पटींनी वाढते, कारण खाली शेते आणि जंगले जळतात, एवढेच मथळ्यात गेले. काटा मारला जाण्याची आपल्याला पिढ्यान्पिढ्या सवय आहे. म्हणून हे माप जरा तपासून पाहू.

वर्षातली सर्वांत स्वच्छ नोंद एका घनमीटर हवेत ०.०१ मायक्रोग्रॅम काजळीची होती आणि सर्वांत मळकट ४.६२ ची. या दोन टोकांचा भागाकार करून चारशेचा आकडा निघाला. महिन्याची सरासरी धरली तर ऑगस्टमध्ये ०.०८९ आणि मे महिन्यात ०.८४०. म्हणजे वाढ नऊ-साडेनऊ पटींची. तीही थोडी नव्हे, बर्फाला ती भोवतेच. पण मुहूर्ताच्या गाडीला मिळालेला भाव हंगामाचा भाव म्हणून छापला तर कापूसवाला काय म्हणेल? तसाच हा प्रकार.

मुळात धूर एवढ्या उंचीवर पोचतो कसा? काजळीचा कण माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहूनही बारीक असतो. पाऊस नसेल तर तो कित्येक दिवस हवेत तरंगत राहतो. थंडीत गंगेच्या मैदानावर जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावर उबदार हवेचा थर असतो, भांड्यावर झाकण ठेवावे तसा. दिवाळीच्या सुमाराचा भातकाडाचा धूर या झाकणाखाली कोंडतो. मार्चनंतर जमीन तापली की झाकण उघडते आणि धूर काही किलोमीटर वर उसळतो. पुढचे काम डोंगरच करतो. सकाळी ऊन लागून उतार तापतो, दरीतली हवा उताराला धरून वर चढते आणि रात्री गार होऊन पुन्हा खाली घरंगळते. नेपाळात एव्हरेस्टच्या परिसरात ५,०७९ मीटरवर २००६ साली एक वेधशाळा सुरू झाली. पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत तिथे हेच दिसले: पहाटे हवा निर्मळ, दुपारी दरीच्या वाऱ्याबरोबर काजळी हजर. पाऊस लागला की ती धुऊन जाते.

बर्फावर काजळी बसली म्हणजे काय होते, हे मे महिन्यात काळ्या रानातून अनवाणी चाललेल्याला शिकवायला नको. पांढरा बर्फ ऊन परत फेकतो, काळवंडलेला बर्फ ते पिऊन घेतो आणि लवकर वितळतो.

आता हिशेब. जागतिक बँक ही काही शेतकऱ्यांची सोयरी नव्हे. तिनेच २०२१ साली हिमालयातील हिमनद्या आणि काजळी यांवर एक अहवाल काढला. माणसाच्या उद्योगांतून या प्रदेशात पडणाऱ्या काजळीपैकी ४५ ते ६६ टक्के कारखाने, मुख्यतः वीटभट्ट्या, आणि घरगुती चुली मिळून टाकतात. रस्त्यावरचे डिझेल ७ ते १८ टक्के. आणि उघड्यावरची जाळपोळ? कुठल्याही ऋतूत ३ टक्क्यांच्या आत. हे आकडे संगणकावर मांडलेल्या हिशेबाचे आहेत आणि चिडाच्या जंगलांचे वणवे हा आणखी वेगळा विषय आहे. राजस्थानच्या वाळवंटातली धूळही वाऱ्यावर बसून हिमालयात जाते. तिच्यावर पंचनामा कोण करणार?

पण आपणही काटा मारायचा नाही. बर्फावर शेताच्या धुराचा वाटा थोडा असला तरी दिल्लीच्या हवेत तो काही दिवस फार मोठा असतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने काढलेल्या अंदाजात २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये काही दिवशी दिल्लीतल्या बारीक कणांपैकी तृतीयांशाहून जास्त वाटा पराळीच्या धुराचा निघाला. त्या धुरात पहिला श्वास पंजाबच्या शेतकऱ्याची लेकरेच घेतात.

मग तो जाळतो कशाला? सरकारला गोदामात तांदूळ हवा होता, म्हणून हमीची खरेदी आणि फुकट वीज देऊन त्याला भाताकडे वळवले. भूजल आटले तेव्हा २००९ साली कायदा केला, की १० जूनच्या आधी भात लावायचा नाही. लावणी लांबली तशी कापणी लांबली. गव्हाच्या पेऱ्याला मध्ये दोन-तीन आठवडे उरले. कापणीयंत्र वीतभर धसकटे उभी ठेवून जाते. ती उपटायला मजूर लावावा तर भाव पुरत नाही. काडीपेटी दोन रुपयांची. पाणी वाचवायचा कायदा करणाऱ्याने धुराचा विचार केला नाही. आणि धुराचा विचार करणाऱ्यांनी? डिसेंबर २०१५ मध्ये हरित न्यायाधिकरणाने दंड ठरवला: दोन एकरांच्या आत २,५०० रुपये, पाच एकरांपर्यंत ५,०००, त्यापुढे १५,०००. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने तो दुप्पट केला. उपग्रहाला शेतातली आग वरून दिसते. भट्टीची चिमणी आणि मालमोटारीचे धुराडे तितके सोपे सापडत नाही, म्हणून सापडतो तो शेतकरी.

यात आपला कोरडवाहूचा संबंध काय, असे कोणी विचारील. वरच्या हिशेबातला चुलीचा आकडा पुन्हा वाचा. आपली पऱ्हाटी धुऱ्यावर पेटते ती आठ-पंधरा दिवस, चुलीत मात्र उन्हाळाभर जळते. तिच्यापुढे फुंकणी घेऊन बसलेल्या मायबहिणीच्या छातीत जे जाते ते कुठल्या मथळ्यात येत नाही. घरातल्या धुराने २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत शेगडी आणि पहिला सिलिंडर घरोघर आला. दुसरा भरायचा तर रोख मोजावी लागते, आणि कोरडवाहूच्या घरात रोख येते ती कापूस विकल्यावर. तोवर टाकी कोपऱ्यात आणि चूल चालू.

जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने एवढे मोजून आणावे: गावात किती घरी सिलिंडर आहे, गेल्या वर्षात तो किती वेळा भरला, आणि किती घरी अजून पऱ्हाटीवरच भाकरी होते. मोजणीला बायकांना बरोबर घ्या. पुरुषांना हा आकडा ठाऊक नसतो.