जुनेराची किंमत

जुनेर हा शब्द आता घरात फारसा कानावर येत नाही. नेसून नेसून विरलेले, मऊ पडलेले लुगडे म्हणजे जुनेर. मधोमध फाटले की तेवढा भाग काढून उरलेले दोन तुकडे जोडायचे, त्याला दांड घालणे म्हणत. दांडही जीर्ण झाला की त्याच लुगड्याची बाळोती निघत, दुपटी निघत, वाकळेला आत भर म्हणून ते जाई, आणि अगदी शेवटी चुलीजवळचे फडके होऊन संपे. कोकणातल्या घरात एका लुगड्याला असे चार-पाच जन्म मिळत. त्यामुळे जुन्या कपड्यांचा धंदा उभा राहावा एवढे कापड दापोलीसारख्या गावात शिल्लकच उरत नसे. उरलेच तर ते मुंबईहून येई. गणपतीला किंवा शिमग्याला आलेला चाकरमानी ट्रंकेत चार जुनी शर्टे घालून आणी आणि भावकीत वाटी. गिरणीत असलेला असेल तर गिरणीच्या दुकानातले सेकंडचे कापडही आणी. १९८२च्या संपानंतर ती वाट आटली.

आज दापोलीच्या बाजारात रस्त्याकडेला ताडपत्री अंथरून जुन्या कपड्यांचा ढीग मांडणारा माणूस दिसतो, तेव्हा आपण त्याच्याकडे जरा तिरक्या नजरेने पाहतो. ‘मेलेल्यांचे कपडे विकतात हे लोक’ असे एका सुशिक्षित गृहस्थांनी मला मोठ्या खात्रीने सांगितले होते. मेलेल्यांचे कपडे त्या ढिगात नसतीलच असे मी म्हणत नाही. पण त्यातले बहुतेक कपडे त्या गृहस्थांसारख्या जिवंत, धडधाकट माणसांनी केवळ कंटाळा आला म्हणून घराबाहेर काढलेले असतात, हे त्यांच्या गावी नव्हते.

मी अशा एका विक्रेत्याजवळ बरेचदा उभा राहतो. त्याचे काम पाहण्यासारखे असते. माल मुंबईहून गाठोड्याने येतो. गाठोडे घेताना वरवरचे दहा कपडे बघायला मिळतात, बाकीचे नशीब. घरी आणून सोडले की पहिली निवड होते. शर्ट असेल तर तो कॉलरची घडी आणि काख बघतो, जीन्स असेल तर चेन आणि मांड्यांमधली शिवण. मग कपडा उजेडात धरतो. विरलेले सूत उन्हात लपत नाही. डाग धुऊन जाणारा आहे की मुरलेला, हे तो बोटाने चोळून सांगतो. टिकाऊ माल धुऊन, बटणे लावून, इस्त्री करून वर येतो, मधला तसाच ढिगात पडतो, आणि खालचा चिंधी म्हणून गॅरेजवाल्याकडे वजनावर जातो. गाठोड्याचे पैसे वरच्या मालात सुटले पाहिजेत, ढिगातून त्याचे पोट चालते, आणि चिंधीतून गाडीभाडे निघाले तर निघाले. नफा म्हणतात तो असा. तो सगळा त्याच्या नजरेतून येतो, आणि ती नजर तयार व्हायला त्याला काही वर्षे लागली आहेत.

गिऱ्हाईक कोण? आंब्याच्या बागा राखणारे नेपाळी गुरखे जाकिटे घेतात, कारण त्यांना हंगाम संपला की डोंगरात घरी जायचे असते. हर्णैच्या होड्यांवरचे खलाशी लांब बाह्यांचे जाड शर्ट शोधतात. रात्रभर समुद्रावर खारे वारे अंगावर घेणाऱ्याला रंगाशी कर्तव्य नसते. बांधकामावरचे मजूर जीन्स घेतात, कारण ती वाळू-सिमेंटात टिकते. कृषी विद्यापीठातले विद्यार्थीही संध्याकाळी येऊन ढीग उपसताना दिसतात, आणि हिवाळ्यात स्वेटर मिळाला की खूश होऊन जातात. भाव करून, चार नोटा मोजून, पिशवीत घालून ही माणसे चालू लागतात.

या ढिगाच्या मागे जी साखळी आहे, तिचे पहिले टोक मुंबई-पुण्याच्या आपल्याच नातेवाइकांच्या दारात आहे. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली घेऊन फिरणारी बोहारीण आठवते ना? यातल्या पुष्कळशा बायका गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाच्या. स्वतःला ते देवीपूजक म्हणवतात, आणि आपणही तेच म्हणावे हे बरे. दुपारची वेळ, घरातली कर्ती बाई मोकळी, दारात टोपली उतरलेली. एका पातेल्यावर तीन साड्या आणि दोन पँटी, नाही, आणखी एक शर्ट, नाही तर झाकण मिळणार नाही. ही घासाघीस म्हणजे घरच्या बायकांचा हक्काचा व्यवहार होता. नवऱ्याच्या जुन्या पँटीतून स्वयंपाकघरातले डबे उभे राहत. खऱ्या जरीचे लुगडे मात्र बोहारणीला देताना शहाणी बाई दहादा विचार करी, कारण जर जाळून चांदी काढणारे होते आणि बोहारणीला ते पक्के ठाऊक असे.

तिथून पुढे माल पहाटेच्या बाजारात जातो. मुंबईत कामाठीपुऱ्याच्या आसपास, दिल्लीत रघुवीरनगरला, उजाडायच्या आत हे बाजार भरतात आणि शहर चहा पीत असते तेव्हा आवरलेलेही असतात. पुण्याचा जुना बाजार तेवढा बुधवारी-रविवारी दिवसाउजेडी भरतो. इथे कपडे धंद्याप्रमाणे वेगळे होतात. कॉटनच्या चिंध्या पुसायला कारखान्यांकडे जातात, रेशमी साड्यांच्या उशा आणि झगे होऊन परदेशी प्रवाशांना विकले जातात, लोकरीच्या फाटक्या मालाची वाट पानिपतची. पानिपतात परदेशातूनही लोकरीचे जुने कपडे येतात. देशात ते अंगावर घालण्यासाठी विकले जाऊ नयेत म्हणून आयातीआधीच त्यांवर कापे मारलेले असतात. त्यांचे पुन्हा सूत होऊन स्वस्त ब्लँकेटे निघतात, आणि पूर-भूकंपात सरकारी मदतीबरोबर येणारे राखाडी ब्लँकेट पुष्कळदा तेच असते.

मदतीचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंतची किनारपट्टी झोडपली. नारळ-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कौले आणि पत्रे उडाले, आणि तोंडावर पाऊस. त्या दिवसांत लोकांना हवे होते पत्रे, ताडपत्री, मेणबत्त्या, खिळे. ते आले, आणि ज्यांनी आणले त्यांचे उपकार आहेत. पण त्याबरोबर जुन्या कपड्यांची पोतीही आली. त्यातले एक माझ्यासमोर सुटले. आत होते ते सांगतो: भरजरी चोळ्या, एकेकट्या सलवारी, चेन तुटलेल्या पँटी, आणि एक कोट. छप्पर उडालेल्या घरात भिजत बसलेल्या बाईने त्या कोटाचे काय करायचे? २००४च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर रस्त्याकडेला अशाच कपड्यांचे ढीग कुजत पडले होते. ‘गूंज’ या संस्थेने ते गोळा करून, निवडून, कामी लावायचे मोठे काम तेव्हा केले. ताडपत्रीवाला विक्रेता गिऱ्हाइकासमोर असा माल कधी ठेवणार नाही, त्याचा धंदा बसेल. दान देणाऱ्याला ती भीती नसते, म्हणून तो निवडत नाही.

आणि दानाच्या कपड्याला आपल्याकडे आणखी एक जुना वास आहे. शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत, चांडाळाने प्रेताची वस्त्रे नेसावीत, असे मनुस्मृतीत लिहिले आहे. हे केवळ पोथीत राहिले नाही. सणाला गड्याच्या हातात, वरून टाकलेले जुनेर हा आपल्या गावांतला रिवाजच होता, आणि पुष्कळदा ते मजुरीतच धरले जाई. दापोलीने हे विसरू नये. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे शेजारच्या मंडणगड तालुक्यातले, आणि त्यांचे वडील लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळ याच कॅम्प दापोलीत राहिले. डिसेंबर १९२७मध्ये महाडला मनुस्मृती जाळली गेली, आणि त्याच वेळी बाबासाहेबांनी तिथे जमलेल्या बायकांना लुगडे कसे नेसावे हे सांगितले. जातीची खूण पटवणारी नेसण सोडा, असे त्यांचे म्हणणे होते. अंगावरचे कापड हा मानाचा प्रश्न असतो, हे त्यांच्याइतके स्वच्छ कोणी ओळखले नव्हते.

म्हणून मला तो ताडपत्रीवरचा ढीग दानापेक्षा बरा वाटतो. तोच शर्ट, तेच विरलेले कापड. पण खलाशी तो उलटसुलट करून बघतो, ‘काखेत उसवलाय, पैसे कमी कर’ म्हणतो, पसंत नसेल तर फेकून पुढे जातो. जुनेर हातावर पडले असते तर त्याला यातले एकही करता आले नसते. आपल्या सोसायट्यांनी बोहारणीला फाटकाशी अडवून तिच्या जागी ‘गरजूंसाठी’ असे लिहिलेला पत्र्याचा डबा ठेवला, तेव्हा आपण फार पुढारलो असे समजलो. माझ्या मते तो व्यवहार मागे गेला. बोहारीण निदान फाटकी पँट परत करीत असे.

आता शहरांतल्या मुलामुलींनीही हा धंदा उचलला आहे. जुन्या बाजारातून नेमके कपडे हेरायचे, धुऊन-इस्त्री करून फोटो काढायचा आणि मोबाईलवरून दुप्पट-चौपट भावाने विकायचा. टाळेबंदीच्या काळात हे वाढले. गरिबांचा माल श्रीमंत पळवतात अशी ओरड त्यावर होते. ती मला पटत नाही. कपड्यांची टंचाई आज कुठेच नाही, उलट पूर आला आहे, आणि त्या मुलांचीही नजरच कामाला येते. मला काळजी आहे ती मालाची. वर्षभरात विटणारा, धुतला की आकार सोडणारा पॉलिएस्टरचा कपडा आता गाठोड्यात भरून येतो. त्याचे बाळोते होत नाही, पाणी शोषत नाही म्हणून फडके होत नाही, गॅरेजवालाही नको म्हणतो. घानातल्या आक्रा शहरात युरोप-अमेरिकेचे जुने कपडे विकणारा मोठा बाजार आहे, कांतामांतो. तिथे न खपलेला माल गटारांतून समुद्रावर जातो आणि किनाऱ्यावर दोरांसारखा गुंतून पडतो. हर्णैच्या जाळ्यात प्लास्टिक येते हे आपण पाहतोच. उद्या त्यात शर्ट येऊ लागले तर नवल नको. खालच्या प्रतीची चिंधी जितकी वाढेल तितका विक्रेता गाठोड्यात बुडेल, आणि बुडणारा माणूस ती चिंधी नदीकाठीच टाकणार.

पथविक्रेत्यांचा कायदा २०१४चा आहे. जागा मांडून बसणाराच नव्हे, तर फिरून विकणाराही त्यात येतो. म्हणजे बोहारीणही येते आणि ताडपत्रीवालाही. त्यांची नोंद व्हावी, त्यांना बसायला जागा नेमून मिळावी, असे तो कायदा म्हणतो. गावोगावच्या नगरपंचायती बाजाराचे आराखडे करतात त्यात मासळी असते, भाजी असते. जुना कपडा मी अजून कुठे पाहिलेला नाही. कोकणात तर जागेइतकाच छपराचा प्रश्न आहे. जूनच्या पहिल्या सरीला ताडपत्री उलटी होते, खालची वर जाते, आणि गणपतीपर्यंत धंदा बंद. भिजलेल्या गाठोड्याला चार दिवसांत बुरशी धरते, मग वरचा माल आणि खालचा माल एकाच भावाने जातो. दहा बाय दहाचा पत्रा आणि खाली फळीचा कट्टा एवढे मिळाले तरी तो माणूस श्रावणात मुंबईला हमाली करायला जाणार नाही. आणि श्रावणातच तर खलाशी नव्या हंगामासाठी होडीवर परततात, जाड शर्ट शोधत.