कपॅसिटर कोठे बसवावा?

कृषिपंपाची मोटार जळाली की दोष कमी दाबाला दिला जातो आणि कमी दाबाचे खापर महावितरणवर फुटते. या तक्रारीत तथ्य नाही असे नाही. तथापि दाब खालावण्याचे एक कारण त्या मोटारीच्या गरजेतच आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही.

मोटारीला प्रत्यक्ष कामासाठी लागणाऱ्या शक्तीखेरीज चुंबकीय क्षेत्र उभे करणारी शक्तीही लागते. ही दुसरी शक्ती खर्च होत नाही. उपकेंद्र आणि मोटार यांच्यामध्ये तिची केवळ येरझार चालते. परंतु ही येरझार तारांतून होते, आणि तारांतील हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कपॅसिटर ही शक्ती जागच्या जागी पुरवितो. शक्तिगुणक 0.70 वरून 0.95 वर नेल्यास तेवढ्याच कामासाठी लागणारा प्रवाह सुमारे 26 टक्क्यांनी, तर तारांतील हानी सुमारे 46 टक्क्यांनी घटते.

मात्र कपॅसिटरमुळे त्याच्या अलीकडच्या, म्हणजे उपकेंद्राच्या बाजूच्या तारांचाच भार हलका होतो. तो उपकेंद्रात बसविला तर देखभाल सोपी जाते, पण गावापर्यंतच्या वाहिनीतील हानी जशीच्या तशी राहते. पंपाजवळ बसविला तर लाभ सर्वाधिक. मधल्या मार्गासाठी अभियंत्यांचा एक ठोकताळा आहे. भार वाहिनीवर सर्वत्र सारखा पसरलेला असेल, तर गरजेच्या दोन-तृतीयांश क्षमतेचा कपॅसिटर दोन-तृतीयांश अंतरावर बसवावा. येरझारीने होणाऱ्या हानीचे नवांपैकी आठ भाग त्यामुळे वाचतात. प्रत्यक्षात भार असा सारखा नसतो, आणि पंप बंद असताना जादा कपॅसिटरमुळे दाब वाजवीपेक्षा वाढण्याचाही धोका असतो. म्हणून प्रत्येक वाहिनीचे स्वतंत्र मोजमाप आवश्यक ठरते.

येथपर्यंतचा प्रश्न अभियांत्रिकीचा. पुढचा अर्थशास्त्राचा आहे. पंपाजवळच्या कपॅसिटरचा खर्च एका शेतकऱ्याचा, लाभ मात्र साऱ्या वाहिनीचा. एकट्याने तो बसविला तर दाबात फारसा फरक पडत नाही. सर्वांनी बसविला तर न बसविणाऱ्यालाही लाभ होतो. मग पुढाकार कोणी घ्यावा? राज्यातील उच्चदाब ग्राहकांची आकारणी 2020 पासून किलोव्होल्ट-अँपिअर तासांनुसार होते. शक्तिगुणक घसरला की त्यांचे बिल वाढते. कृषिपंपांना असा संकेत नाही. अनेकांची आकारणी मीटरविना, अश्वशक्तीवर होत आली, आणि एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. ज्याच्या बिलात बचत दिसणारच नाही, त्याला केवळ आवाहन करून काय साधणार?

जेथे लाभ सामाईक, तेथे खर्चही सामाईक असावा, हा सार्वजनिक वित्तव्यवहाराचा जुना नियम आहे. वाहिनीवरील आणि पंपाजवळील कपॅसिटर महावितरणने स्वखर्चाने बसवावेत, त्यांची देखभालही करावी, आणि आरंभ वाहिनीच्या शेवटच्या टोकापासून करावा. खर्चाची भरपाई वाचलेल्या विजेतून होते की नाही, हे वाहिनीनिहाय आकडे प्रसिद्ध करून दाखवावे. पाटाच्या पाण्याप्रमाणेच विजेच्या बाबतीतही टंचाईची पहिली झळ टोकाच्या शेतकऱ्यालाच बसते. जागा निवडताना उपकेंद्राच्या सोयीपेक्षा त्याची मोटार वाचते की नाही, याला अधिक महत्त्व दिले पाहिजे.