परदेशातला नियम कळंबच्या वाडीत कसा पोहोचतो?

कळंब, राजोडी, निर्मळ या पट्ट्यातल्या वाड्यांचा माल मुख्यतः वसई-विरार आणि मुंबईच्या बाजारात जातो. मग युरोपने खाण्याच्या मालावर कसले नियम लावले, याच्याशी आपला काय संबंध? संबंध आहे. पैशाचा आहे, तसा घरच्या ताटाचाही आहे.

वसईच्या ओळखीचं पीक म्हणजे खायचं पान. २०१४ मध्ये युरोपियन युनियनने बांगलादेशातून येणारी पानं बंद केली. कारण होतं साल्मोनेला हा जंतू. पान कच्चंच खातात, त्यामुळे तो शिजून मरत नाही. धुण्याचं किंवा शिंपण्याचं पाणी घाण असेल, तर असा जंतू पानावर येऊ शकतो. बंदी मात्र अख्ख्या देशाच्या पानावर आली. ज्याने स्वच्छ पाणी वापरलं, त्याचाही माल अडकला. ही बंदी कित्येक वर्षं चालली.

महाराष्ट्रानेही असा फटका खाल्लाय. २०१० मध्ये आपली द्राक्षं युरोपात अडकली. वेलीची वाढ रोखायला वापरलेल्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश त्यात सापडला. निर्यातीआधी आपल्याकडे तपासायच्या यादीत हे रसायन नव्हतंच. माल इथे पास झाला आणि तिथे नापास. तपासणीच्या यादीतली चूक, पण तोटा बागायतदाराच्या माथी.

नियम किती बारीक आहे? ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याचा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त अंश युरोपला चालत नाही. म्हणजे १०० टन मालात जेमतेम एक ग्रॅम. शेजारच्या वाडीतल्या फवारणीचा तुषार वाऱ्याने आला तरी माल या मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

निर्यातीसाठी अपेडाच्या हॉर्टिनेटवर शेताची नोंद होते. फवारणीची वही ठेवावी लागते, प्रयोगशाळेत नमुने जातात. मोठ्या बागायतदाराला हे झेपतं. दहा-वीस गुंठेवाल्याला एकट्याने तपासणीचा खर्च परवडत नाही. गटाने केलं तरच जमतं. नाहीतर चढ्या भावाची बाजारपेठ कायम दुसऱ्याचीच राहते.

खरी मेख पुढेच आहे. परदेशी जाणाऱ्या पेटीमागे तपासणी लागते. आपल्या बाजारातल्या पाटीची तपासणी क्वचितच होते. अंशांच्या मर्यादा भारतातही आहेत, त्या एफएसएसएआय ठरवते. पण नमुने मोजके घेतले जातात. त्यामुळे जो माल तिकडे नापास होतो, तो इकडे विकला जातो आणि आपलीच पोरं खातात.

यावर पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. कोणतं औषध, किती, कोणत्या तारखेला मारलं, हे वहीत लिहायचं. दुकानदाराकडून पक्कं बिल घ्यायचं. त्या पिकासाठी लेबलवर नाव असलेलंच औषध वापरायचं. शेवटच्या फवारणीनंतर लेबलवर लिहिलेले दिवस भरल्याशिवाय तोडणी करायची नाही. पानं आणि भाजी धुवायला स्वच्छ पाणीच घ्यायचं.

बाकीचं काम सरकारचं. तालुका कृषी कार्यालयाने छोट्या शेतकऱ्यांचे गट करून नोंदणी करावी, नमुने तपासण्याची सोय परवडेल अशा दरात द्यावी. वही शेतकरी ठेवेल, पण ती वही तपासणारं कोणी नसेल तर तिचा भाव शून्य.