चुंबकाच्या परीक्षेत नापास, तरी अस्सल

भांडी घेताना खिशातून लोहचुंबक काढणारे ग्राहक आजही भेटतात. चुंबक चिकटला की 'हे खरे स्टेनलेस नव्हे' असा निकाल लागतो. हीच परीक्षा कारखान्यातील पंप आणि व्हॉल्व्हच्या कास्टिंगला लावली, तर चांगला माल नाकारला जाईल आणि सदोष माल आत येईल.

दूध, औषधे आणि रसायने हाताळणाऱ्या कास्टिंगसाठी 'सीएफ-८' हा स्टेनलेस स्टीलचा प्रकार सर्रास वापरला जातो. त्यात १८ ते २१ टक्के क्रोमियम आणि ८ ते ११ टक्के निकेल असते. त्याची मुख्य रचना ऑस्टेनाइटची, म्हणजे चुंबकाला दाद न देणारी. पण तीत थोडे फेराइटही असते आणि चुंबक ओढला जातो तो त्याच्यामुळे. हे फेराइट भेसळ नव्हे. रस गोठताना कास्टिंगला तडे जाऊ नयेत, ताकद वाढावी, म्हणून ते हवेच असते.

खरा दोष चुंबकाला कळत नाही. कास्टिंगचा जाड भाग सावकाश थंड होतो. सुमारे ८५० ते ४२५ अंश सेल्सिअसच्या टप्प्यात तो रेंगाळला, की कार्बन क्रोमियमशी संयोग पावून धातूच्या कणांच्या सीमांवर साचतो. सीमेलगतचे क्रोमियम घटते आणि आम्ल नेमके तिथून धातू पोखरू लागते. रासायनिक तपासणीत मात्र क्रोमियम पुरेपूर भरते!

यावरचा उपाय जुना आहे. कास्टिंग १०४० अंशांच्या वर तापवायचे, कार्बन पुन्हा विरघळू द्यायचा आणि मग पाण्यात झटपट थंड करायचे. इंधन वाचवण्यासाठी हा टप्पा गाळला किंवा त्यानंतर छिद्रे बुजवायला वेल्डिंग केले, तर दोष राहतो किंवा परततो. वेल्डिंग अटळ असेल तिथे ०.०३ टक्क्यांपर्यंतच कार्बन असलेला 'सीएफ-३' घेणे शहाणपणाचे.

पोखरलेला धातू गळतो, खडबडीत होतो आणि त्या खाचांत जंतूंना आसरा मिळतो. म्हणून खरेदीदारांनी केवळ रासायनिक घटकांच्या दाखल्यावर समाधान मानू नये. हीट ट्रीटमेंटची नोंद, वेल्डिंगची माहिती आणि सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीचा अहवालही मागावा. धातूत काय घातले याइतकेच तो कसा थंड केला, हेही महत्त्वाचे आहे.