टायरात फोम घालावा काय?



मोटरसायकल हे आता शेतीचे एक अवजारच झाले आहे. दूध डेअरीवर, भाजी बाजारात, खताची गोणी शिवारात आणि पोरे शाळेत, सगळे तिच्यावरच जाते. तेव्हा तिच्या टायराचा विचार या सदरात व्हायलाच हवा. बरेच तरुण शेतकरी विचारतात, "साहेब, टायरात हवेऐवजी फोम घातला तर पंक्चरच होत नाही म्हणे. घालावा का?"

हा फोम म्हणजे ट्यूबच्या जागी बसणारे रबरी फोमचे जाड कडे. त्यात वायूने भरलेले असंख्य बारीक बंद कप्पे असतात. काट्याने चार कप्पे फुटले तरी बाकीचे शाबूत राहतात आणि टायर बसत नाही. डाकारसारख्या वाळवंटी शर्यतीत मोटरसायकलस्वार हाच फोम वापरतात. 2015 साली सी. एस. संतोष ही शर्यत मोटरसायकलवर पुरी करणारे पहिले भारतीय ठरले. पण तेथे मुक्कामाला मेकॅनिक चाके उतरवून तपासतात आणि लागेल तसा फोम बदलतात. आपल्या वाड्यावर ही सोय नाही.

आता आपली वाट पाहा. निफाड, दिंडोरी किंवा सिन्नरच्या शेतकऱ्याची गाडी आधी बांधावरून, काळ्या मातीतून, वेडी बाभळीच्या काट्यांतून जाते. मग ती डांबरी रस्त्याला लागते आणि नाशिकला द्वारका चौकात येते. तेथे मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता एकत्र मिळतात. म्हणजे वाट थोडी मातीची आणि बरीच डांबराची. फोम बनवला आहे तो मातीसाठी. डांबरावर सलग वेगाने चालल्यास तो आतून तापतो, मऊ पडतो आणि त्याचा चुरा होऊ लागतो. टायरची रिमवरची पकड सुटली तर मागे बसलेल्या घरच्या माणसाच्या जिवाशी गाठ.

दुसरी अडचण ओझ्याची. नव्या फोमचा टणकपणा साधारण 12 ते 14 पौंड हवेइतका असतो आणि वापराने तो कमीच होतो. त्यात पंपाने भर घालता येत नाही. आपल्या नेहमीच्या गाडीच्या मागच्या चाकाला एकट्याने बसतानाच 28 पौंडांच्या आसपास हवा लागते, ओझे असेल तर त्याहून जास्त. शिवाय फोम टायरच्या मापाचाच लागतो, बसवताना खास वंगण लागते आणि एका फोमच्या पैशात साधे टायर कित्येक येतात. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. शर्यतीची गाडी असेल तर फोम घाला. घरच्या गाडीला घालू नका.

मग काट्यांचे काय करावे? टायर निवडतानाच पाहावे. बाजूवर 2.75-18 42पी असे काही लिहिलेले असते. त्यात 2.75 ही इंचातली रुंदी, 18 हा रिमचा व्यास. 42 हा आकडा वजनाचा आहे. 42 म्हणजे 150 किलो, 48 म्हणजे 180 किलो, 52 म्हणजे 200 किलो. 40 लिटरचे दोन भरलेले कॅन निदान 90 किलो होतात आणि ते जवळजवळ सगळे मागच्या चाकावर येतात. गाडीचे 55 आणि चालवणाराचे 40 किलो त्यात मिळवले की 185 झाले. तेथे 42 आकड्याचा टायर तग धरणार नाही. रिमला आणि मडगार्डला बसेल असा, जास्त वजन पेलणारा टायर मागावा. मात्र गाडीच्या पुस्तकातली वजनमर्यादा टायर बदलून वाढत नाही. ती ओलांडत असाल तर दोन खेपा करा.

टायरवरचे चार आकडेही वाचावेत. 2324 म्हणजे 2024 सालच्या 23व्या आठवड्यात बनलेला. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेले रबर कडक होते, त्याला चिरा जातात. मोठ्या गुट्ट्यांचा बटन टायर चिखलात पकड धरतो, पण डांबरावर लवकर झिजतो आणि ओल्या रस्त्यावर घसरतो. मिश्र वाटेला मध्यम खोल नक्षीचा टायर बरा. साध्या तारांच्या चाकात ट्यूब लागते. ती टायरच्या मापाची घ्यावी आणि जुन्या ट्यूबला ठिगळावर ठिगळ लावू नये.

निगा फार अवघड नाही. आठवड्यातून एकदा गाडी थंड असताना हवा मोजावी. किती हवी ते चेनकव्हरवरच्या चिठ्ठीवर किंवा पुस्तकात असते. चिखलासाठी हवा कमी केली असेल तर डांबराला लागण्याआधी पुन्हा भरावी. कमी हवेत टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह तिरका होतो. तिरका व्हॉल्व्ह दिसला तर हवा सोडून तो सरळ करून घ्यावा, नाहीतर ट्यूब मुळाशी फाटते. शिवारातून आल्यावर दोन्ही टायर हाताने फिरवून पाहावेत. रुतलेला काटा, द्राक्षाच्या मांडवाच्या तारेचा तुकडा चिमट्याने लगेच काढावा. बरेचसे काटे पहिल्या दिवशी रबरातच असतात, चालून चालून आत ट्यूबपर्यंत जातात. टायर ट्यूबलेस असेल आणि खिळा खोल गेला असेल, तर मात्र तो घरी उपटू नये. पंक्चरवाल्याकडे जाऊन काढावा. टायरला डिझेल वा ऑइल लागू देऊ नये.

नक्षीच्या खोबणीत मधून मधून आडवे बारीक उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले की टायर संपला असे समजावे, आणि पावसाळ्याची वाट न पाहता मृगाआधीच तो बदलून घ्यावा.